जन्मजात, आनुवंशिक, उपजत की अंगभूत : नेमका शब्द कसा निवडावा

आरोग्याच्या पत्रकांत दोन वाक्यं हमखास भेटतात. ‘सिकलसेल हा जन्मजात आजार आहे’ आणि ‘बाळाचे वाकडे पाय हा आनुवंशिक दोष आहे’. वाचताना दोन्ही खटकत नाहीत. पण पहिल्यात अर्धीच गोष्ट सांगितली आहे आणि दुसऱ्यात नको ती जास्तीची. पहिलं वाचून धडगाव-मोलगीकडचा बाप म्हणतो, आमचं बाळ जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं, मग रक्त कशाला तपासायचं? दुसरं वाचून एखाद्या घरात सुनेच्या माहेरची सात पिढ्यांची चौकशी सुरू होते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातली पत्रकं, स्मरणिका, पुरवण्यांतले लेख, कधीमधी लग्नाचे बायोडेटासुद्धा तपासून देणं हे माझं काम. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हाताला लगेच लागतात. या शब्दांच्या चुका लागत नाहीत, कारण वाक्य व्याकरणात चोख बसलेलं असतं. त्यासाठी जी पद्धत मी वापरतो ती पुढे देतो.

पायरी १ : शब्द बाजूला ठेवा, तीन प्रश्न विचारा

कधी आलं? कुठून आलं? आणि कशाला लागून आलंय : आजाराला, कसबाला, वस्तूला की जमीनजुमल्याला?

‘जन्मजात’ फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जन्माच्या वेळी होतं, एवढंच. का होतं, यावर तो गप्प आहे. ‘आनुवंशिक’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आई-वडिलांच्या बीजातून आलं. मग ते पहिल्या दिवशी दिसो की चाळिशीत. बाकीचे शब्द, म्हणजे उपजत, अंगभूत, पिढीजात, वडिलोपार्जित, हे मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर ठरतात. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो, तिथेच घोटाळा होतो.

पायरी २ : ‘कधी’ आणि ‘कुठून’ यांची सांगड तोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असं उद्दिष्ट ठेवलं आहे. हा आजार आनुवंशिकच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचं एक जनुक बाळगणारे, आशाताई ज्यांना ‘एएस’ म्हणतात ते, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. ‘चारातलं एक’ असं लिहू नका. लोक त्याचा अर्थ ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असा घेतात. प्रत्येक वेळी हिशोब नव्याने सुरू होतो.

पण हाच आजार जन्मलेल्या बाळात दिसत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही महिने रक्तात टिकून असतं आणि बाळाला सांभाळून घेतं. साधारण पाच-सहा महिन्यांनी ते कमी झालं की हातापायांना सूज, दुखणं, फिकेपणा सुरू होतो. म्हणून ‘जन्मजात आजार’ एवढंच लिहिलं तर वाचणारा जन्माच्या दिवसाकडे बघतो आणि निश्चिंत होतो. पत्रकात मी असं करून देतो : ‘सिकलसेल हा आई आणि वडील दोघांकडून येणारा आनुवंशिक आजार आहे. तो जन्मापासून रक्तात असतो, पण त्रास काही महिन्यांनी दिसू लागतो.’ वाक्य लांबलं तरी चालेल.

आता उलट बाजू. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने १९४१ मध्ये हा संबंध दाखवला. असा मोतीबिंदू शंभर टक्के जन्मजात, पण आनुवंशिक अजिबात नाही. तो विषाणूमुळे झाला. त्या मुलाच्या पुढच्या पिढीला त्याचं काही देणंघेणं नाही. वाकडे पाय, दुभंगलेला ओठ, हृदयाला छिद्र यांतही कारण प्रत्येक बाळाचं वेगळं असू शकतं, आणि पुष्कळदा एकच एक कारण सापडतही नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणीचे चार गट आहेत, त्यातला पहिला जन्मतः असलेल्या व्यंगांचा. तिथे वंशाचा उल्लेख नाही, आणि ते बरोबर आहे. वाकड्या पायांचं वाक्य असं हवं : ‘काही बाळांचे पाय जन्मतःच आत वळलेले असतात. लवकर प्लास्टर सुरू केलं तर बहुतेक पाय सरळ होतात.’ घरच्यांना एवढं पुरेसं आहे. दोष कोणाचा, हा प्रश्न आपण होऊन त्यांच्या तोंडी घालायची गरज नाही.

माणसांच्या बाबतीत हे बोलताना जीभ अडखळते, म्हणून कार्यशाळांत मी सारंगखेड्याच्या घोड्यांवर येतो. शहादा तालुक्यात तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते, तिथे पांढरा घोडा बघायला आलेला जाणकार आधी केसांकडे बघतच नाही. तो घोड्याचा मुस्का धरून नाकपुड्यांभोवतीची, ओठांजवळची कातडी बघतो. गुलाबी असेल तर नुकरा. जन्मला तेव्हाही पांढराच होता. कातडी काळी असेल तर गोष्ट वेगळी : हा घोडा शिंगरू असताना काळा किंवा तांबडा होता आणि वर्षागणिक पांढरा पडत गेला. ते पांढरं पडणंसुद्धा त्याला आई किंवा बापाकडूनच आलेलं असतं. म्हणजे नुकऱ्याचा रंग जन्मजातही आहे आणि आनुवंशिकही. दुसऱ्याचा पांढरा रंग आनुवंशिक आहे, पण त्याला ‘जन्मजात पांढरा’ म्हटलं तर बाजारात लोक हसतील.

त्याच घोड्याच्या कपाळावरचा नाहीतर मानेवरचा भोवरा जन्मापासून असतो आणि जन्मभर हलत नाही, म्हणून ओळख पटवायला त्याची नोंद करतात. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान जातीचे, आणि असा घोडा ‘जातिवंत’. चावतो, लाथ झाडतो, पाठीवर कुणाला टिकू देत नाही, ती ‘खोड’. ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून लागलेली असते. विकणारा मात्र ती जन्माचीच असल्याचं सांगतो. त्याचा दोष नको ना!

रावेर-यावलच्या केळीतही हेच. हरण्या रोगाचा विषाणू असलेल्या झाडाचा कंद लावला तर नवं झाड रोग घेऊनच उगवतं. जन्मापासूनचा रोग, पण वाणाचा दोष नाही. त्याच वाणाचं निरोगी टिश्यू रोप आणलं तर ते स्वच्छ येतं. ‘हा वाणच रोगट’ असं लिहिलं की शेतकरी वाण बदलतो आणि पुन्हा तसलाच कंद आणतो.

पायरी ३ : ‘जनुकीय’ म्हणजे लगेच ‘आनुवंशिक’ नव्हे

हे थोडक्यात. डाऊन सिंड्रोम एका जास्तीच्या गुणसूत्रामुळे होतो, फ्रान्सचे डॉक्टर जेरोम लेजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ते मांडलं. बिघाड गुणसूत्राचा आहे, जन्मजात आहे, पण बहुतेक वेळा तो आई-वडिलांत नसतो. बीज तयार होताना नव्याने घडतो. तसंच तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातल्या पेशींचं जनुक बिघडून कर्करोग होतो. तो बिघाड जनुकीय आहे, पण जन्मजात नाही आणि मुलांकडेही जात नाही. बातमीत ‘जेनेटिक’ दिसलं की ‘आनुवंशिक’ ठोकून देण्याची सवय सोडा. खात्री नसेल तर ‘जनुकीय’ लिहा, तेवढं नक्की खरं असतं.

पायरी ४ : ‘उपजत’ फक्त न शिकवता आलेल्या गोष्टींना

‘उपजत हृदयविकार’ कानाला कसंतरीच लागतं, नाही का? उपजत हा शब्द आजाराला जात नाही. तो बुद्धीला, समजेला, प्रेरणेला जातो. म्हशीचं पारडू पडल्या पडल्या धडपडत उभं राहतं आणि कासेकडे जातं, ते उपजत. तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लावलं की ते मुठीत घट्ट धरतं, तेही उपजत. हे मूठ धरणं काही महिन्यांत आपोआप जातं. उपजत म्हणजे जन्मभराचं, असा अर्थ म्हणून काढू नका. बाळाच्या बुडावरचा निळसर डागही असाच : जन्मजात असतो आणि पुढे काही वर्षांत विरतो.

माणसाच्या कलेला ‘उपजत’ लावताना हात थोडा आखडता घ्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची प्रतिभा ‘उपजत’ म्हणून आपण मोकळे होतो. शाळेतून आलेली नव्हती, या अर्थी ठीक. पण ओवीचा छंद, जात्यावरची लय, लेवा बोलीतले नेमके शब्द त्यांनी आयुष्यभर कानांनी वेचले आणि रोजच्या कामात घोळवले. हे शिक्षणच आहे, फक्त पाटीवरचं नाही. माझं मत असं की ‘उपजत’ शब्द बहुतेकदा दुसऱ्याच्या मेहनतीवर पांघरूण घालायला वापरला जातो, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच. ‘तिला स्वयंपाकाची उपजत आवड’ हे बायोडेटातलं वाक्य मी खोडत नाही, कारण पैसे देणारा नाराज होतो. पण कुठल्या मुलाच्या बायोडेटात ते अजून दिसलेलं नाही.

पायरी ५ : अंगभूत, स्वाभाविक, सहज, जात्याच

अंगभूत म्हणजे काढायचं म्हटलं तरी निघणार नाही असं. त्याला जन्म लागतच नाही, म्हणून तो वस्तूंना, योजनांना, यंत्रांनाही चालतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पातळ साल, कमी बी हे त्याचे अंगभूत गुण. भरिताला येणारा धुराचा वास मात्र काड्यांवर भाजण्याचा. गॅसवर भाजा, वांगं तेच राहील आणि वास जाईल. जाहिरातीत दोन्ही गोष्टी ‘अंगभूत चव’ या एका नावाखाली खपवतात.

‘स्वाभाविक’चा अर्थ आज जवळजवळ ‘साहजिक’ झाला आहे. ‘त्याला राग येणं स्वाभाविक होतं’ म्हणजे तो रागीट आहे असं नव्हे; प्रसंगच तसा होता. रागीट आहे असं म्हणायचं असेल तर ‘स्वभावानेच रागीट’ लिहा. ‘सहज’ मुळात ‘सोबत जन्मलेलं’, पण आज ‘सहज आलो होतो’ म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. जुना अर्थ ‘सहजप्रवृत्ती’सारख्या जोडशब्दांत उरला आहे, तिथेच राहू द्या. ‘जात्याच हुशार’ हा सुंदर मराठी प्रयोग आहे. तो गुणांबरोबरच शोभतो, आणि तरुण वाचक तिथे ‘जात’ वाचून गडबडतात. अशा वेळी ‘मुळातच हुशार’ केलं तर काही बिघडत नाही. ‘जन्मसिद्ध’ फक्त हक्कासाठी ठेवा.

पायरी ६ : घरातून आलं, पण रक्तातून नाही

पिढीजात धंदा, वडिलोपार्जित शेत, वंशपरंपरागत मान. या तिन्हींत काही तरी एका पिढीकडून दुसरीकडे आलं आहे, पण शरीरातून नाही. ‘पिढीजात मधुमेह’ लिहू नका. ‘आनुवंशिक शेती’ तर नकोच, तरी एका स्मरणिकेत ती माझ्यापर्यंत आली होती.

‘बाळकडू’चं काय? बाळकडू जन्मानंतर पाजतात. म्हणून राजकारणाचं बाळकडू मिळालेला पुढारी हा घरात ऐकून-बघून तयार झालेला असतो. ‘राजकारण त्यांच्या रक्तातच आहे’ आणि ‘त्यांना राजकारणाचं बाळकडू मिळालं’ ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात एकाच माणसाबद्दल लिहिली जातात. त्यातलं एकच खरं असू शकतं. (सटवाईसुद्धा कपाळावरची अक्षरं लिहायला पाचव्या-सहाव्या रात्री येते. म्हणजे लोकांच्या हिशोबातही नशीब जन्मजात नाही!)

या सगळ्याची कसोटी जुन्या शेतकऱ्यांनी करून ठेवली आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे शेजारी बांधून न बदलणारं, गुण म्हणजे शेजाराने लागणारं. मजकुरात अडलात तर विचारा, ही गोष्ट दुसऱ्या दावणीला बांधली असती तर बदलली असती का? बदलली असती, तर जन्मजात, आनुवंशिक, उपजत यांपैकी एकही शब्द वापरू नका. ‘लागलेली सवय’, ‘अंगवळणी पडलेलं’, ‘मुरलेलं’ यांतून निवडा.

‘पायाळू’ हा मात्र खास शब्द आहे. पायांकडून जन्मलेला, एवढाच त्याचा अर्थ. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत अनेक गावांत आहे. लिहिताना शब्द एकीकडे आणि समजूत दुसरीकडे ठेवा, म्हणजे झालं.

पायरी ७ : समाजाला यातला कुठलाही शब्द लावू नका

इथे मी सूट देत नाही. ‘जन्मजात गुन्हेगार’, ‘पिढीजात चोरटे’ हे शब्द अजूनही चोरीच्या बातम्यांत डोकावतात. त्यांचं मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. ठरावीक जमातीत जन्म झाला एवढ्यावर माणूस पोलिसांच्या नोंदवहीत जायचा. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले. शब्द मात्र सुटले नाहीत.

खानदेशाला तर पुरावा घरातच आहे. लुटारू म्हणून ज्या भिल्लांवर कंपनी सरकार फौजा पाठवत होतं, त्यांच्यातूनच जेम्स आउट्रम या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, धरणगावला ठाणं दिलं. तीच माणसं पगार घेऊन बंदोबस्ताला उभी राहिली. नोकरी लागताच जी वृत्ती बदलते तिला जन्मजात म्हणणं खोटं आहे. वाक्य गाळा किंवा आरोपीचं कृत्य लिहा, त्याचा जन्म नको.

पायरी ८ : टंकलेखन तपासा

‘अनुवंश’ला ‘इक’ लागलं की पहिला स्वर वाढतो, म्हणून ‘आनुवंशिक’. ‘अनुवंशिक’ इतकं रूढ आहे की मोबाइलचा कीबोर्डही तेच सुचवतो. ‘जन्मतः’मध्ये विसर्ग हवा, अनेक जण तिथे अपूर्णविराम टाकतात, आणि ओळ तुटली की तो एकटाच पुढच्या ओळीत जाऊन बसतो. ‘जन्मतःच’ आणि ‘जन्मताच’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘बाळ जन्मताच रडलं’ म्हणजे जन्मल्याबरोबर. ‘बाळ जन्मतःच बहिरं होतं’ म्हणजे जन्मापासून. प्रूफ वाचताना डोळा इथे हमखास फसतो.

पायरी ९ : अर्ज आणि दवाखान्याचे कागद

दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जात दिव्यांगत्व जन्मापासून की अमुक सालापासून, असं विचारलेलं असतं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही येतात. म्हणून अर्ज भरून देणाऱ्यांना हा फरक ठाऊक असायला हवा. तिथे ‘वडिलांनाही आहे’ वगैरे लिहायची गरज नाही, प्रश्न फक्त ‘कधीपासून’चा आहे. विम्याचंही तसंच. विमा नियामकाच्या व्याख्येत जन्मजात विकृती म्हणजे जन्मापासून असलेली आणि आकार, रचना किंवा जागा यांत सामान्यापेक्षा वेगळी असलेली अवस्था. तिचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन भाग केले आहेत आणि दाव्याच्या वेळी त्या भागांना महत्त्व येतं. वंशाचा त्या व्याख्येत शब्दही नाही. एजंटाने मराठीत समजावताना ‘आनुवंशिक आजार’ म्हटलं, तर पॉलिसीत नेमकं काय छापलं आहे ते वाचून घ्या.

दवाखान्याच्या कागदावर ‘कन्जेनायटल’ असेल तर जन्मजात लिहा, ‘हेरिडिटरी’ असेल तर आनुवंशिक. ‘जेनेटिक’ असेल तर स्वतः अर्थ लावू नका, डॉक्टरांना विचारा. गावात विचारायचं तर अहिराणीत सरळ विचारता येतं : ‘हाई मायबापकडथून उनं, का पोटमा व्हयनं?’ (हे आई-बापाकडून आलं, की पोटात असताना झालं?) सातपुड्यात पावरी, भिल्ली बोलणाऱ्या घरांत तिथल्याच आशाताईला विचारायला सांगा, आपली प्रमाण मराठी तिथे अर्धीच पोचते. सिकलसेलसारख्या आजारात उत्तर ‘मायबापकडून’ असं आलं तर पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासून घ्यावं लागतं, एकट्या बाईचं नाही. पत्रकात हे वाक्य ठळक अक्षरांत टाका.